सात गुणिले पन्नास : नाहीशा झालेल्या अंधारासाठी घडलेली दुर्बीण

१/
आकाशनिरीक्षणाची सुरुवात करणाऱ्याला जाणत्यांकडून आणि जुन्या पुस्तकांतून अनेक दशके एकच सल्ला मिळत आला : मोठी दुर्बीण नंतर पाहू, आधी ७×५०चा बायनॉक्युलर घ्या. हा सल्ला इतका रुळला की हे दोन आकडे आले कुठून, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ते वेधशाळेतून आलेले नाहीत, युद्धनौकांच्या डेकवरून आलेले आहेत. आणि ज्या अंधारासाठी ते ठरवले गेले, तो अंधार आज मुंबई, पुणे, लंडन किंवा लॉस एंजेलिसमधल्या घराच्या गच्चीवर मिळत नाही. या आकड्यांचा इतिहास समजून घेतला, की उजळलेल्या शहरी आकाशाखाली कोणता बायनॉक्युलर निवडावा याचे उत्तरही हाती लागते.

२/
प्रथम आकड्यांचा अर्थ. ७ म्हणजे वर्धन : वस्तू सातपट जवळ आल्यासारखी दिसते. ५० म्हणजे पुढच्या वस्तुभिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मात्र यंत्रावर न छापलेला तिसराही एक आकडा असतो आणि या साऱ्या कथेचा नायक तोच आहे. ५० भागिले ७, म्हणजे सुमारे ७ मिमी. बायनॉक्युलर हातभर दूर धरून उजेडाकडे रोखला, तर नेत्रिकेत प्रकाशाची एक लहानशी गोल चकती दिसते. तिचा व्यास हाच. इंग्रजीतून आलेले तिचे नाव एक्झिट प्युपिल. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची ही जाडी. ती डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी असेल, तर जास्तीचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. तो बाहुलीभोवतीच्या पडद्यावर पडून वाया जातो.

३/
दोन डोळ्यांनी पाहण्याची हौस दुर्बिणीइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १६०८मध्ये हान्स लिपरशे या चष्मे घडवणाऱ्या कारागिराने हेग येथे डच शासनाकडे दुर्बिणीच्या एकाधिकारासाठी अर्ज केला. यंत्र पाहून अधिकारी प्रसन्न झाले, पण त्यांनी लगेच मागणी केली : हेच दोन्ही डोळ्यांसाठी करून द्या. लिपरशेने तसे यंत्र करून दिले. त्याला त्याचे पैसे मिळाले, एकाधिकार मात्र मिळाला नाही, कारण ही कला इतरांनाही ठाऊक असल्याचे तोवर उघड झाले होते. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने एका डोळ्याने पाहायची आपली दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि १६१०मध्ये त्याने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. कर्क राशीतील धूसर ठिपका म्हणजे चाळीसहून अधिक लहान ताऱ्यांचा समूह आहे, असे त्याने त्यात नोंदवले. भारतीय परंपरेत हा समूह पुष्य नक्षत्रात येतो. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

४/
पुढची अडीचशे वर्षे जोडदुर्बीण फारशी सुधारली नाही. गॅलिलिओच्या रचनेत प्रतिमा सुलटी दिसते, पण वर्धन वाढवताच दृश्य किल्लीच्या भोकातून पाहावे तसे आक्रसते. म्हणून नाट्यगृहात आणि रणांगणावर वापरली जाणारी जोडदुर्बीण तीन-चार पटींच्या आसपासच अडकून राहिली. १८५४मध्ये इग्नात्सिओ पोरो या इटालियन अभियंत्याने काचेच्या लोलकांतून प्रकाश वळवून उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती नोंदवली. त्यामुळे चांगल्या नेत्रिका वापरता येणार होत्या आणि लांब नळी आखूड होणार होती. कल्पना अचूक होती, पण तिला पेलेल इतकी निर्दोष काच तेव्हा उपलब्ध नव्हती.

५/
ती काच जर्मनीतील येना या गावी तयार झाली. रसायनतज्ज्ञ ऑटो शॉट, भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे आणि यंत्रनिर्माते कार्ल त्साइस यांच्या सहकार्यातून १८८४मध्ये तेथे प्रकाशीय काचेचा कारखाना उभा राहिला. १८९४मध्ये त्साइस कंपनीने लोलकांचे बायनॉक्युलर बाजारात आणले. पहिले नमुने होते ४×११, ६×१५ आणि ८×२०. या तिन्हींचा भागाकार केला, तर उत्तर अडीच ते पावणेतीन मिमीच्या आसपास येते. भर दिवसा माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडी असते. म्हणजे ही यंत्रे दिवसाच्या प्रकाशात वावरणाऱ्यांसाठी होती. भागाकार हा असा पुरावा असतो : यंत्र कोणासाठी आणि कोणत्या प्रहरासाठी घडवले, हे तो सांगून जातो.

६/
नौदलाची गरज निराळी होती. समुद्रावर खरा धोका रात्री येतो. पूर्ण अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते. तेव्हा पुरेपूर प्रकाश डोळ्यापर्यंत न्यायचा, तर बाहेर येणारी शलाकाही ७ मिमीची हवी. वर्धन किती असावे, हे हलत्या डेकने ठरवले. सातपटीच्या पुढे हाताचा कंप आणि जहाजाचे हेलकावे प्रतिमा स्थिर राहू देत नाहीत. सात गुणिले सात म्हणजे जवळपास पन्नास, म्हणून वस्तुभिंग ५० मिमीचे झाले. १९१०च्या सुमारास त्साइसचा ७×५० बाजारात आला. रुंद शलाकेचा आणखी एक फायदा होता : जहाज डोलताना डोळा थोडा सरकला, तरी तो प्रकाशाच्या बाहेर जात नसे. दीपस्तंभ, किनाऱ्याची काळी रेघ, दिवे मालवून येणारी शत्रूची नौका, हे सारे या यंत्राचे विषय होते. तारे त्यांत नव्हते.

७/
पहिल्या महायुद्धाने अशा यंत्रांची मागणी एकाएकी वाढवली, आणि उत्तम काच तर जर्मनीच्या हाती होती. अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तिच्या नौदलाकडे पुरेसे बायनॉक्युलर नव्हते. नौदलाचे तत्कालीन सहसचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नागरिकांना आवाहन केले : घरातील बायनॉक्युलर आणि दुर्बिणी आपल्या नौदलाला उसन्या द्या. कायद्यानुसार नौदलाला फुकट काही घेता येत नव्हते, म्हणून प्रत्येक यंत्रामागे एक डॉलर भाडे देण्यात आले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाने घरोघरी डोळे मागावेत, यावरून या साधनाचे महत्त्व ध्यानात येते.

८/
दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ७×५० हे अनेक नौदलांचे प्रमाण-माप बनले. आणखी एक महत्त्वाची सुधारणा १९३५मध्ये झाली. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले, की जवळपास एक तृतीयांश प्रकाश हरवतो. त्साइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिसूक्ष्म थर चढवून हे परावर्तन घटवण्याची पद्धत शोधली. प्रारंभी ती लष्करी गुपित होती. आजच्या भिंगांवर दिसणारी जांभळी किंवा हिरवट झाक ही त्याच शोधाची वंशज आहे.

९/
रात्री पाहणाऱ्या डोळ्यांची खरी कसोटी ८-९ ऑगस्ट १९४२च्या रात्री सॉलोमन बेटांजवळ, साव्हो बेटापाशी लागली. जपानी नौदलाने रात्रीच्या लढाईसाठी टेहळ्यांना खास तयार केले होते आणि त्यांच्या हाती मोठमोठ्या भिंगांचे बायनॉक्युलर होते. दोस्त राष्ट्रांकडे काही नौकांवर रडार होते, तरीही जपानी ताफा त्यांना पत्ता लागू न देता आत शिरला. त्या रात्री दोस्तांच्या चार जड क्रूझर बुडाल्या. पराभवाची कारणे अनेक होती : सज्जतेतील ढिलाई, संदेशांचा गोंधळ, जपानी टॉर्पेडोंची ताकद. पण अंधारात सरावलेला डोळा आणि उत्तम काच यांची जोडी नव्या तंत्रज्ञानालाही मात देऊ शकते, हे त्या लढाईने दाखवले.

१०/
त्याच युद्धाने खगोलशास्त्राला एक अनपेक्षित देणगी दिली. हवाई हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले गेले. शहराजवळच्या माउंट विल्सनवर तेव्हाची जगातील सर्वांत मोठी, १०० इंच व्यासाची दुर्बीण होती आणि तिच्यापाशी होता वॉल्टर बाडे. तो जर्मन नागरिक असल्यामुळे शत्रुदेशीय ठरला होता. सहकारी युद्धकार्यात गुंतले, आणि दुर्बिणीवर त्याला भरपूर वेळ मिळाला. त्या दुर्मीळ अंधारात, १९४३मध्ये, बाडेने देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातील तारे प्रथमच सुटे सुटे टिपले. त्यातून ताऱ्यांचे दोन भिन्न गट असल्याचे त्याने १९४४मध्ये मांडले. १९५२मध्ये, त्याच धाग्याने पुढे जाऊन, दीर्घिकांची तोवर मानलेली अंतरे सुमारे दुपटीने कमी धरली गेली होती, हेही त्याने दाखवून दिले. शहराचे दिवे आकाशाचे किती नुकसान करतात, याचा इतका ठळक दाखला क्वचितच सापडेल.

११/
युद्ध संपले आणि नौदलांनी वापरलेले बायनॉक्युलर शिल्लक माल म्हणून बाजारात आले. उत्तम काच सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. हौशी आकाशनिरीक्षकांनी ती उचलली आणि अनुभवाने सांगितले : ७×५० घ्या. सल्ला योग्यच होता. त्या काळी गावाची वेस ओलांडली, की नौदलाला अभिप्रेत होता तसाच अंधार मिळत असे. महाराष्ट्रातील हौशी खगोलनिरीक्षणाची एक जुनी संस्था, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, स्थापन झाली ती याच सुमारास, १९४४मध्ये. पुढे आकाश बदलत गेले, पण सल्ला तसाच राहिला.

१२/
आकाश किती बदलले? २००१मध्ये जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकाने अंधाराचे नऊ वर्ग सुचवले. पहिला निर्मळ काळोखाचा, नववा महानगराच्या मध्यभागाचा. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशप्रदूषित आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. आकाशगंगेचा पट्टा पाहण्यासाठी आता प्रवासाचे नियोजन करावे लागते. मुंबईच्या आकाशप्रेमींना वांगणीसारखे ठिकाण जवळचे वाटते, ते याच कारणाने.

१३/
आता मूळ प्रश्न. अशा आकाशाखाली ७×५०चे काय होते? येथे दोन शक्यता आहेत.
पहिली : आजूबाजूच्या दिव्यांमुळे बाहुली ५ मिमीच्या पुढे उघडतच नाही. मग ७ मिमीच्या शलाकेतील निम्मा प्रकाश बाहुलीबाहेर पडतो. ५० मिमीचे भिंग प्रत्यक्षात ३५ मिमीचेच काम करते. वजन पन्नासचे, उपयोग पस्तिसाचा. १०×५० घेतला तर शलाका नेमकी ५ मिमीची असते आणि सगळा प्रकाश आत जातो. तारे दुप्पट तेजस्वी होतात.
दुसरी : आडोसा चांगला आहे, डोळा तरुण आहे आणि बाहुली ७ मिमी उघडली. मग ताऱ्यांचा प्रकाश दोन्ही यंत्रांत सारखाच मिळतो. पण १०×५०मध्ये आकाशाची करडी पार्श्वभूमी निम्म्याने काळी होते.

१४/
दोन्ही शक्यतांचा निष्कर्ष एकच : तारा आणि पार्श्वभूमी यांच्यातील फरक दुप्पट होतो. यामागचे कारण साधे आहे. तारा इतका दूर असतो की वर्धन वाढवले तरी तो बिंदूच राहतो, त्याचा प्रकाश एकवटलेलाच असतो. आकाशाचा उजेड मात्र पसरलेला असतो. वर्धन वाढले की तो अधिक ताणला जातो, पातळ होतो. नौदलाला रात्री काळ्या पार्श्वभूमीवर काळी आकृती शोधायची होती, तिथे प्रकाशाचा कणन् कण हवा होता. शहरातल्या निरीक्षकाची अडचण नेमकी उलट आहे : त्याच्याकडे नको तो प्रकाश अधिक आहे.

१५/
या हिशेबाला भारताशी जोडलेले एक नाव आहे. ताऱ्यांच्या तेजस्वितेची ‘प्रत’ मोजण्याचे आजचे गणिती प्रमाण १८५६मध्ये नॉर्मन पॉग्सन यांनी मांडले : पाच प्रतींचा फरक म्हणजे १०० पट तेज. पुढे १८६१पासून १८९१मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांचेच माप लावून पाहू. ५ मिमीच्या बाहुलीपेक्षा ५० मिमीच्या भिंगाचा व्यास दहापट, म्हणून क्षेत्रफळ १०० पट, म्हणजेच नेमक्या पाच प्रती. ज्या शहरात नुसत्या डोळ्यांना तिसऱ्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात, तेथे १०×५० हिशेबाने आठव्या प्रतीच्या आसपास पोहोचतो. काचेतील गळती वजा केली तरी, गावाकडच्या निबिड अंधारात नुसत्या डोळ्यांना दिसतात त्याहून कितीतरी अधिक तारे शहराच्या गच्चीवरून दिसू शकतात.

१६/
येथे एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे गणित फक्त ताऱ्यांना लागू पडते. तेजोमेघ आणि दीर्घिका स्वतःच पसरलेल्या असतात. वर्धनाने पार्श्वभूमी जितकी पातळ होते, तितक्याच त्याही होतात. आकार मोठा झाल्याने डोळ्याला थोडी मदत मिळते, इतकेच. म्हणून शहरात चंद्र, गुरूचे उपग्रह, वसिष्ठ-अरुंधतीची जोडी, कृत्तिका आणि रोहिणीभोवतीचे तारे मनसोक्त पाहावेत. मृगाच्या तलवारीतील तेजोमेघ तेजस्वी असल्याने तोही दिसतो. देवयानी दीर्घिका मात्र फिक्या डागापलीकडे फारसे काही दाखवणार नाही. आकाशगंगेचा पट्टा कोणतेही भिंग शहरात परत आणू शकत नाही.

१७/
तरीही गावातल्या आकाशातून काय साधता येते, याचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील पीटरबरोचे शाळाशिक्षक जॉर्ज अल्कॉक. बायनॉक्युलरच्या दृश्यात दिसणारे हजारो ताऱ्यांचे आकृतिबंध त्यांनी अक्षरशः पाठ केले होते. एखादा नवा बिंदू उपराच वाटे आणि लगेच ओळखू येई. १९५९ ते १९८३ या काळात त्यांनी पाच धूमकेतू शोधले, शिवाय अनेक नवतारेही. पाचवा धूमकेतू त्यांना मे १९८३मध्ये सापडला, तो घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून. त्याच धूमकेतूची नोंद इरास हा कृत्रिम उपग्रह आणि जपानी निरीक्षक अराकी यांच्या नावेही झाली. काही दिवसांतच तो पृथ्वीपासून अवघ्या ४७ लाख किलोमीटरांवरून गेला. अल्कॉक यांच्या हातातील यंत्र होते १५×८०. भागाकार करून पाहावा : ५.३ मिमी.

१८/
मग निवड कशी करावी? हातात धरून पाहायचे असेल, तर १०×५०. हात फार कापत असतील किंवा वजन नको असेल, तर ८×४२. त्याचीही शलाका सव्वापाच मिमीची आहे. तिपाई असेल, तर १५×७०. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते, म्हणून पन्नाशीपुढील निरीक्षकाला अंधारातही ७ मिमीचा लाभ बहुधा मिळत नाही. मर्यादित पैशांत पोरोच्या लोलकांची, खांदे रुंद असलेली जुनी घडणच घ्यावी. सरळ नळ्यांच्या बायनॉक्युलरमध्ये तोच दर्जा गाठायला अधिक खर्च येतो. वर्धन बदलणारे, झूमचे नमुने टाळावेत.

१९/
दुकानातच तीन परीक्षा करता येतात. यंत्र हातभर दूर धरून नेत्रिकेतील प्रकाशाची चकती पाहावी : ती पूर्ण गोल असावी, कडा कापल्यासारखी चौकोनी दिसली, तर लोलकाची काच हलकी आहे. मग भिंगातील दिव्याचे प्रतिबिंब पाहावे : पांढरे लख्ख दिसले, तर स्माकुलांचा थर त्या पृष्ठभागावर नाही. शेवटी दूरच्या पाटीवर नजर लावावी : दोन प्रतिमा एकत्र बसत नसतील, डोळ्यांना ताण पडत असेल, तर ते यंत्र परत ठेवावे.
घरी आल्यावर रस्त्यावरच्या दिव्याला आडोसा करावा, डोक्यावर काळे कापड घ्यावे, कोपर कठड्यावर टेकवावेत आणि निदान वीस मिनिटे मोबाइल खिशातच राहू द्यावा. साव्होच्या टेहळ्यांपाशीही उत्तम काचेखेरीज हीच पुंजी होती : अंधाराला सरावलेला डोळा.

२०/
आता पुन्हा पुष्य. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अराटस या ग्रीक कवीने हवामानाच्या खुणा सांगताना या धूसर ठिपक्याचा उल्लेख केला. निरभ्र आकाशात तो अचानक दिसेनासा झाला, तर वादळ जवळ आले, असा त्या काळचा समज होता. आज महानगरांत तो रोजच दिसत नाही आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातले असे ते पहिलेच उद्यान. तेथे तो ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, अराटसच्या काळी दिसत असे तसाच. दादरच्या किंवा कोथरूडच्या गच्चीवर फेब्रुवारी-मार्चच्या रात्री तेथे रिकामे करडे आकाश असते. त्या रिकाम्या जागेवर १०×५० रोखला, की वीसेक तारे उमटतात. गॅलिलिओने मोजले, त्यांतलेच.